नाण्याचा फोटो : कॅमेरा निवडण्यापासून दिवा लावण्यापर्यंत

कुणाच्या देव्हाऱ्यात राणीछाप रुपया असतो, कुणाच्या आजोबांनी जमवलेल्या शिवराया जुन्या डब्यात पडून असतात, कुणी स्वतःच्या हौसेनं क्षत्रपांची चांदीची नाणी किंवा संस्थानी पैसे गोळा केलेले असतात. या नाण्यांविषयी जाणकाराला विचारायचं तर आधी फोटो पाठवावा लागतो, आणि तिथंच घोडं अडतं. राणीच्या गालावर पांढरा डाग, शिवराईच्या जागी नुसता काळा गोळा, अक्षरांचा पत्ता नाही. असा फोटो पाहून कुणी काय सांगणार? मग पहिला विचार मनात येतो तो नवा, भारी कॅमेरा घेण्याचा. माझं मत स्पष्ट आहे. नाण्याच्या फोटोत कॅमेऱ्याच्या बॉडीचा वाटा सगळ्यांत कमी असतो. आधी दिवे, मग लेन्स, मग स्टँड, आणि उरलेल्या पैशांत बॉडी, अशा क्रमानं खर्च केला तर फोटो वाचता येण्याजोगा निघतो. हा क्रम उलटा केलात तर भरपूर पैसे घालूनही फोटो तसाच राहील.

खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या नाण्यांची मापं घ्या. ब्रिटिश काळातला रुपया साधारण 30.5 मिलिमीटर व्यासाचा असतो. शिवराई 20 मिलिमीटरच्या आसपास आणि पश्चिमी क्षत्रपांचं चांदीचं नाणं 15 मिलिमीटरच्या आसपास. आता सेन्सरचं माप पाहा. बहुतेक मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. निकॉन आणि सोनीत तो सुमारे 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा, कॅननमध्ये थोडा लहान. नाण्याची प्रतिमा या 15.6 मिलिमीटर उंचीत बसवायची. म्हणजे रुपयासाठी लेन्सनं नाणं निम्म्या आकारात सेन्सरवर उमटवलं की काम झालं. क्षत्रपांच्या नाण्याला मात्र जवळपास मूळ आकार लागतो, ज्याला फोटोग्राफर 1:1 म्हणतात. तुमच्याकडे मुख्यतः रुपये असतील तर 1:2 पर्यंत जाणारी स्वस्त लेन्स पुरते. बारीक नाणी असतील तर 1:1 हवी.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. त्याची उंची 15 मिलिमीटरच्या नाण्यानं भरायची तर मूळ आकाराच्या दीडपट प्रतिमा हवी, आणि बहुतेक मॅक्रो लेन्स 1:1 वरच थांबतात. निसर्गचित्रं किंवा लग्नसमारंभ टिपण्यासाठी फुल फ्रेम उत्तम असेल, पण बारीक नाण्यांसाठी तो दुप्पट पैशांत गैरसोय विकत घेण्यासारखा आहे.

मेगापिक्सेलच्या आकड्यांनाही भुलू नका. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो. रुपयानं उंचीचा नव्वद टक्के भाग व्यापला तर व्यासाला 3600 पिक्सेल, म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला 118 पिक्सेल मिळतात. पुस्तकाच्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात. त्या मानानं हा रुपया 12 इंच, म्हणजे 30 सेंटीमीटर व्यासाचा छापता येईल. एवढा मोठा रुपया कोण छापणार? म्हणून 16 किंवा 18 मेगापिक्सेलची, दहा-बारा वर्षांपूर्वीची वापरलेली बॉडी निःशंकपणे घ्या. तिच्यात तीन गोष्टी तेवढ्या तपासा. पडद्यावर लाइव्ह व्ह्यू दिसला पाहिजे आणि त्यात चित्र मोठं करून फोकस जुळवता आला पाहिजे. मॅन्युअल मोड आणि रॉ फाइलची सोय हवी. आणि केबल, रिमोट किंवा संगणकावरून शटर दाबता यायला हवं. कॅननच्या डीएसएलआरसाठी ईओएस युटिलिटी हे सॉफ्टवेअर कंपनी फुकट देते. त्यामुळे संगणकाच्या मोठ्या पडद्यावर नाणं बघत फोकस करता येतो. निकॉनवाल्यांना डिजिकॅमकंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. कॅमेरा उभ्यानं खाली बघत असतो, त्यामुळे पडदा वळणारा असेल तर मान वाचते.

मोबाइलनं काढलेला फोटो पुरेल का, असं अनेक जण विचारतात. नुसत्या ओळखीपुरता पुरतो. फक्त त्यातला मॅक्रो मोड टाळा. बऱ्याच फोनमध्ये तो अल्ट्रावाइड लेन्स वापरतो, त्यामुळे फोन नाण्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावा लागतो. फोनचीच सावली पडते आणि नाण्याची कड वाकडी दिसते. त्याऐवजी दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स लावा, फोन वीसेक सेंटीमीटर दूर कशावर तरी टेकवा आणि नंतर फोटो कापा. पण फोन आपल्या मनानं कडा धारदार करतो, झीज गुळगुळीत करतो आणि रंग खुलवतो. नाण्याची झीज, टाक्याची खूण, खरेपणा यांवर ज्या फोटोवरून निर्णय द्यायचा, तो फोनचा असू नये.

लेन्स घेताना प्रतिमेच्या मोठेपणाइतकंच नाणं आणि लेन्सचं टोक यांतलं अंतर महत्त्वाचं असतं, कारण दिवा त्याच फटीतून आत सोडायचा असतो. निकॉनची 40 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स 1:1 वर नाण्याच्या इतकी जवळ जाते, की जेमतेम तीन-चार सेंटीमीटर जागा उरते. दिवा लावणार कुठून? 90 ते 105 मिलिमीटरच्या लेन्समध्ये हेच अंतर साधारण 12 ते 15 सेंटीमीटर मिळतं. टॅमरॉनची 90, कॅननची 100, निकॉन आणि सिग्माच्या 105 मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्स या कामाला उत्तम, आणि जुन्या आवृत्त्या वापरलेल्या बाजारात मिळतात. ऑटोफोकस, इमेज स्टॅबिलायझेशन यांसाठी जास्त पैसे मोजू नका. नाणं हलत नाही आणि कॅमेराही स्टँडवर असतो.

हात आखडता असेल तर दोन वाटा मी मनापासून सुचवीन. पहिली, मायक्रो-निक्कोर 55 मिलिमीटर एफ 2.8 ही हातानं फोकस करायची जुनी लेन्स. ती एकटी 1:2 पर्यंत जाते, म्हणजे रुपयाला नेमकी पुरते, आणि 27.5 मिलिमीटरची पीके-13 रिंग जोडली की 1:1. निकॉनच्या प्राथमिक बॉडीवर ती लावली तर मीटर चालत नाही, पण आपल्याला मॅन्युअल मोडच वापरायचा आहे. दुसरी वाट, घरात असलेली साधी 50 मिलिमीटर लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब. हिशेब सोपा आहे : ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. 50 च्या लेन्सला 25 मिलिमीटरची ट्यूब लावली की निम्मा आकार मिळतो. ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नाही. फक्त कॅमेरा आणि लेन्स यांना विजेनं जोडणारी ट्यूब घ्या, म्हणजे अ‍ॅपर्चर बदलता येईल.

वापरलेली लेन्स मुंबईच्या फोर्टमध्ये बोरा बाजार परिसरात घ्या नाहीतर ओळखीच्या माणसाकडून, टॉर्च सोबत ठेवा. लेन्समधून टॉर्चचा झोत आरपार सोडा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास आढळते. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्या. आपली लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पावसाळ्यात त्या पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करा.

स्टँडसाठी ट्रायपॉड चालतो, पण त्याचे पाय दिव्यांच्या आड येतात आणि कॅमेरा सरळ खाली रोखणं कटकटीचं होतं. एक उभा खांब, त्यावर वर-खाली सरकणारा हात आणि खाली जड पाट, असा कॉपी स्टँड हवा. नवा घेण्याआधी गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत चौकशी करा. फिल्मच्या जमान्यातले एनलार्जर अजून काही माळ्यांवर धूळ खात असतात. त्याचं डोकं काढून तिथं कॅमेरा बसवला की बाजारातल्या कॉपी स्टँडपेक्षा भक्कम वस्तू तयार होते. सोबत एनलार्जरची 50 मिलिमीटर लेन्स मिळाली तर तीही घ्या. सपाट कागदावर जवळून चित्र पाडण्यासाठीच ती घडवलेली असते, आणि अ‍ॅडॉप्टर व ट्यूब लावून नाण्यांवर सुरेख काम करते.

कॅमेरा नाण्याला समांतर हवा. थोडासा कल असला तरी नाण्याची एक कड धूसर होते. याला पाण्याच्या लेव्हलपेक्षा अचूक युक्ती म्हणजे छोटा सपाट आरसा. नाण्याच्या जागी तो ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूत बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध आलं की कॅमेरा काटकोनात आला. एवढं जुळेपर्यंत पुढं जाऊ नका.

आता प्रकाश. इथं घाई करू नका, कारण फोटोचं सगळं भवितव्य इथंच ठरतं. नाण्यावरचं चित्र आणि अक्षरं म्हणजे धातूचे उंचसखल भाग. डोळ्याला ते दिसतात ते उजेड-सावलीच्या फरकामुळे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश किंवा लेन्सभोवतीचा रिंग लाइट समोरून सपाट उजेड टाकतो आणि हा फरक पुसून टाकतो. म्हणून दोन लहान एलईडी दिवे घ्या, मान हवी तशी वळणारे. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय 90 किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असावं, नाहीतर तांब्याचा रंग कधीच खरा येणार नाही. दोन्ही दिवे एकाच कंपनीचे, एकाच रंगछटेचे. खोलीतली ट्यूबलाइट बंद, खिडकीचा पडदा ओढलेला. दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश मिसळले तर नंतर संगणकावर ते निस्तरता येत नाही.

घड्याळाच्या तबकडीवर नाणं ठेवलं आहे असं समजा. एक दिवा दहाच्या जागी, दुसरा दोनच्या जागी, आणि दोन्ही चांगले उंच, जवळजवळ लेन्सला चिकटून खाली बघणारे. चांदीच्या चांगल्या रुपयासाठी ही सुरुवात. मग पडद्यावर नजर ठेवून एक-एक दिवा थोडा-थोडा सरकवा. मुख्य उजेड वरच्या बाजूनंच यायला हवा. तो खालून आला तर डोळा फसतो आणि उठावाचा चेहरा खोदल्यासारखा दिसू लागतो.

नाण्यानुसार हे बदलावं लागतं. झिजलेलं, अक्षरं जेमतेम उरलेलं नाणं असेल तर दिवा खाली आणा, टेबलापासून वीस-तीस अंशांवर. तिरक्या उजेडात पुसट अक्षरंही सावली टाकतात. शिवराईला ही मात्रा जास्त होते. तिच्यावरची ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं जाड, ठसठशीत उठावाची. फार खालून उजेड दिला तर एका अक्षराची सावली शेजारच्या अक्षरावर पडते आणि नसलेली काना-मात्रा दिसू लागते. तिथं दिवा 45 अंशांच्या आसपास ठेवा. तांब्यावरचा हिरवा-काळा थर प्रकाश गिळतो, म्हणून एक्स्पोजर वाढवा.

दोन फोटो घ्यायलाच हवेत अशीही नाणी असतात. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 साली नहपान क्षत्रपाच्या 13 हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता : एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा हा धातूवरचा पुरावा. अशा नाण्यावर वरचा ठसा एका दिशेच्या उजेडात उठून दिसतो, तर खालचा नहपानाचा चेहरा आणि अक्षरं दिवा फिरवल्यावर वर येतात. नाणं आणि कॅमेरा जागचे हलवू नका. फक्त दिवा फिरवून दोन-तीन फोटो घ्या आणि सगळे जपा. एकच ‘सुंदर’ फोटो ठेवलात तर अर्धा इतिहास गेला.

टाकसाळीतून आलेलं, न वापरलेलं चांदीचं नाणं हलवलं की त्याच्यावर झळाळीचे पट्टे फिरतात. ती झळाळी हवी तर दिव्यापुढं ट्रेसिंग पेपर लावू नका, नुसता लहान दिवा उंच ठेवा. उलट आरशासारखी प्रूफ नाणी, मुंबई टाकसाळीच्या स्मारक नाण्यांच्या संचांत असतात तशी, लेन्सचं काळं प्रतिबिंब दाखवतात. त्यांच्यासाठी फोटोफ्रेमची स्वच्छ पातळ काच नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये 45 अंशांत तिरकी धरा आणि दिवा बाजूनं काचेवर सोडा. काच प्रकाश सरळ खाली नाण्यावर टाकते आणि लेन्स तिच्यातूनच आरपार बघते. दिवा आणि नाणं यांच्यामध्ये एक काळा पुठ्ठा उभा करा, पलीकडच्या बाजूलाही एक. बारीक रेषांचं नक्षीकाम यात जसं दिसतं तसं दुसऱ्या कशात दिसत नाही.

सेटिंगचं काम त्या मानानं झटपट होतं. मोड मॅन्युअल, आयएसओ 100, फाइल रॉ. अ‍ॅपर्चर एफ 8. याहून लहान करण्याचा मोह होतो, कारण सगळं नाणं फोकसमध्ये हवं असतं. पण जवळून फोटो काढताना प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर आणखी लहान होतं, 1:1 वर एफ 8 चं एफ 16 सारखं वागतं, आणि त्यापुढे प्रकाशाच्या विवर्तनानं सगळं चित्रच मऊ पडतं. एफ 8 वर निम्म्या आकारात साधारण 2 मिलिमीटर खोली स्पष्ट मिळते, रुपयाला ती भरपूर आहे. 1:1 वर मात्र ती अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर उरते. जाड उठावाचं बारीक नाणं असेल तर फोकस किंचित बदलत काही फोटो घ्यावेत आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरनं ते एकत्र करावेत.

शटर कितीही संथ चालेल, स्टँड भक्कम असल्यावर. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. म्हणून शटर 1/50 किंवा त्याहून संथ ठेवा, म्हणजे फोटोत पट्टे येणार नाहीत. दोन सेकंदांचा टायमर लावा, मिरर आधी वर उचलण्याची सोय असेल तर वापरा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. पंखाही बंद. फोकस लाइव्ह व्ह्यूत दहापट मोठं करून, नाण्याच्या सर्वांत उंच भागावर न करता अक्षरांवर करा.

व्हाइट बॅलन्ससाठी दिवे लावून झाल्यावर नाण्याच्या जागी ग्रे कार्ड ठेवा आणि कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. पांढरा कागद यासाठी वापरू नका. त्यात चमक आणणारी रसायनं असतात आणि रंग घसरतो. काळ्या मखमलीवर चांदीचं नाणं ठेवलं की स्वयंचलित मीटर काळ्याला भुलतो आणि नाणं पांढरंफटक होतं, म्हणून हिस्टोग्राम बघून हातानं एक्स्पोजर ठरवा. उजवीकडची टोकाची रेष आपटली नाही म्हणजे ठीक. पार्श्वभूमीला करडा कागद मला सर्वांत बरा वाटतो. नाणं कागदावर थेट न ठेवता त्याहून लहान बुचावर ठेवून दोन-तीन सेंटीमीटर उचला. सावली जाते आणि कागदाचा पोत धूसर होतो.

मांडणी जमली का हे बघायला 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया उत्तम. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला आणि 1912 पासून हत्तीचं चित्र सुधारलं गेलं. तुमच्या फोटोत त्या हत्तीची सोंड आणि पाय वेगळे दिसत असतील तर मांडणी जमली. 1911 चा नसेल तर 1862 चा राणीछाप घ्या. हेच साल पुढं अनेक वर्षं नाण्यांवर राहिलं आणि पुढची वर्षं ओळखायला आकड्याजवळ बारीक टिंबं दिली गेली. ती मोजता आली पाहिजेत. तेही नसेल तर खिशातलं कुठलंही नाणं चालेल. सालाखाली मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा किंवा नोएडाचं टिंब स्वच्छ दिसायला हवं. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते.

एक कळकळीची विनंती. फोटो चांगला यावा म्हणून नाणं घासू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, ब्रासो, काहीही नको. देव्हाऱ्यातल्या रुपयावर हळदकुंकू साचलं असेल तर फार तर शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडावर न चोळता टिपा. घासलेल्या नाण्याचा वरचा थर एकदा गेला की कायमचा गेला, त्याबरोबर नाण्याचं मोलही. धरायचं ते नेहमी कडेनं, आणि खाली मऊ कापड अंथरून.

संगणकावर फोटो कापा, दोन्ही बाजू एकाच मापात शेजारी ठेवा, एक्स्पोजर थोडं सावरा. इथंच थांबा. ओरखडा पुसणं, रंग गडद करणं, कडा धारदार करणं ही नाण्याशी आणि ज्याला तुम्ही फोटो पाठवता त्याच्याशीही बेइमानी आहे. हातानं घडवलेल्या नाण्याच्या दोन बाजूंच्या दिशा जुळतीलच असं नाही. किती अंश फिरल्या आहेत ते टिपून ठेवा.

खरं नाणं कसं दिसतं याची नजर बसण्यासाठी एकदा अंजनेरीला जाऊन या. नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर 1980 साली उभी राहिलेली मुद्राशास्त्राची संशोधन संस्था तिथं आहे, आणि तिचं संग्रहालयही.

आणि फोटोच्या फाइलला नाव देताना नुसता आकडा देऊ नका. नाण्याचं वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये आणि ते कुठून आलं हे त्याच वेळी लिहा. शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा घराच्या पायात नाणी निघाली असतील तर ती न धुता, मडकं असेल तर मडक्यासह, आहे त्या जागी आधी फोटो घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. 1878 च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे.